विमानातून फोटो, सेकंदाला २४०० बिट

आज बोलायला सुरुवात करण्याआधी फळ्यावर एकच आकडा लिहून ठेवला आहे: २४००. सेकंदाला २४०० बिट. विमानांच्या जगात हा आकडा पुन्हा पुन्हा भेटतो. शॉर्टवेव्हवर, म्हणजे एचएफवर, बोलण्यासाठी जो तीन किलोहर्ट्झचा चॅनेल असतो, त्यावर चालणाऱ्या लष्करी मोडेमचा भरवशाचा वेग बरीच वर्षं ७५ ते २४०० बिट एवढाच होता. प्रवासी विमानं ‘एकार्स’ नावाच्या यंत्रणेवर छोटे छोटे संदेश पाठवतात, तिचा व्हीएचएफवरचा मूळ वेग २४००. इरिडियमच्या जुन्या उपग्रहांवरचा डेटा कॉल, तोही २४००. तुमच्या मोबाइलमधला शंभर केबीचा साधा फोटो या वेगाने पाठवायला साडेपाच मिनिटं लागतील. तेही वाटेत एकही बिट चुकला नाही तर.

आता प्रसंग डोळ्यासमोर आणू. हा प्रसंग कल्पनेतला आहे, पण त्यातले आकडे खरे धरून चाला. रत्नागिरीच्या पश्चिमेला दीडशे किलोमीटरवर एका मच्छीमार बोटीचा संपर्क तुटलाय. शोधायला एक गस्ती विमान निघालंय, वेग २०० नॉट, म्हणजे तासाला साधारण ३७० किलोमीटर. निरीक्षकाला खाली काहीतरी दिसतं. पालथी पडलेली बोट असेल, नुसता तराफा असेल, किंवा दुसऱ्याच कुणाचं तुटलेलं जाळं. किनाऱ्यावरच्या नियंत्रण कक्षाला ठरवायचंय, की जहाज तिकडे वळवायचं का नाही. जहाजाला पोचायला काही तास लागणार, आणि चुकीच्या दिशेला पाठवलं तर ते तास परत मिळत नाहीत. तोंडी वर्णन रेडिओवर देता येतं, पण ‘नारिंगी काहीतरी दिसतंय’ यावर कुणी काय ठरवणार? फोटो हवा.

इथे पहिली अडचण आकाशातच येते. व्हीएचएफ रेडिओ सरळ रेषेत जातो, त्यामुळे पृथ्वीची गोलाई आडवी येते. रेडिओचं क्षितिज काढायचं एक सोपं सूत्र आहे: उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये. तीन हजार मीटरवरच्या विमानाला सव्वादोनशे किलोमीटरवरचं दिसतं, म्हणजे रत्नागिरीचा अँटेना आरामात टप्प्यात. पण तीन हजार मीटरवरून समुद्रात पडलेला माणूस दिसत नाही. त्यासाठी तीनशे मीटरवर उतरावं लागतं, आणि तिथून क्षितिज उरतं फक्त ७१ किलोमीटर. किनाऱ्यावरचा अँटेना तीस मीटर उंच असेल तर त्याचे आणखी बावीस-तेवीस किलोमीटर मिळवा. तरी शंभराच्या आतच. म्हणजे नीट पाहायला खाली आलात की बोलणं तुटतं, आणि बोलायला वर गेलात की पाहिलेलं हातातून निसटतं. शिवाय वर-खाली करण्यात इंधन जातं ते वेगळंच. म्हणून क्षितिजापलीकडे जाणारा एचएफ किंवा उपग्रह, आणि म्हणून हा आमचा २४००.

हिशोब करू. १२ मेगापिक्सेलचा रंगीत फोटो कॉम्प्रेस न करता घेतला, तर चार हजार गुणिले तीन हजार गुणिले चोवीस, म्हणजे २८ कोटी ८० लाख बिट. भागिले २४००. एक लाख वीस हजार सेकंद. तेहतीस तास वीस मिनिटं. (हशा.) हसू नका, कॅमेऱ्याने त्याचा तीन एमबीचा जेपेग करून दिला तरी पावणेतीन तास लागतात. म्हणून आकार कमी करू: ६४० बाय ४८०, कृष्णधवल, पिक्सेलला आठ बिट. तरी सतरा मिनिटं. तेवढ्यात विमान शंभरावर किलोमीटर पुढे गेलेलं असेल. हाच फोटो पिक्सेलमागे अर्धा बिट पडेल इतका दाबला, तर १,५३,६०० बिट, चौसष्ट सेकंद. हे जमण्यासारखं आहे.

पिक्सेलमागे आठचे अर्धा बिट कसे होतात? जेपेग फोटोचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडतो. प्रत्येक चौकोनातले ६४ आकडे ६४ ठरावीक नक्ष्यांच्या मिश्रणात मांडतो: एक सपाट, काही रुंद पट्ट्यांच्या, काही अगदी बारीक चौकटींच्या. बहुतेक चौकोनांत सपाट आणि रुंद नक्ष्यांचा वाटा मोठा असतो, बारीक नक्ष्यांचा नगण्य. तो नगण्य वाटा राउंड ऑफ करून शून्य केला, की लिहायला फार थोडं उरतं. या मांडणीला डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म म्हणतात. ती सुचली नासिर अहमद यांना, मूळचे बंगळुरूचे, तेव्हा अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत होते. १९७२ साली त्यांनी या कामासाठी नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे पैसे मागितले आणि अर्ज नामंजूर झाला. त्यांनी काम तसंच चालू ठेवलं, आणि टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ साली निबंध छापला. जेपेगचं मानक आलं १९९२ साली. आज तुम्ही सकाळपासून जितके फोटो पाहिले असतील, त्यांतले बहुतेक या नामंजूर अर्जातून आलेत.

इथपर्यंत सगळं ठीक. पण आता मुख्य गोष्टीकडे येऊ, जी पुस्तकांत कॉम्प्रेशनच्या धड्यात नसते आणि रेडिओच्या धड्यातही नसते, कारण ती दोन्हींच्या मधोमध पडते.

आम्ही या व्याख्यानासाठी एक जेपेग फाइल घेतली आणि मधोमध कुठेतरी एकच बिट उलटा केला. शून्याचा एक. पडद्यावर बघा. वरचा अर्धा फोटो जसाच्या तसा. मग एके ठिकाणी चौकोन घसरलेत, आणि तिथून खाली सगळा फोटो जांभळा. एका बिटामुळे. असं का व्हावं? कारण जेपेग आकडे लिहिताना नेहमीच्या आकड्याला छोटा संकेत देतो आणि क्वचितच्या आकड्याला लांब, आणि दोन संकेतांच्या मध्ये स्वल्पविराम नसतो. एक बिट बदलला की वाचणारा चुकीच्या जागी तोडतो, पुढचं सगळं चुकीच्या जागी तुटत जातं. त्यात भर म्हणून प्रत्येक चौकोनाचा सरासरी उजेड ‘आधीच्या चौकोनापेक्षा इतका जास्त किंवा कमी’ असा लिहिलेला असतो. एकदा चुकला की ती चूक शेवटपर्यंत वाहत जाते. उधारीच्या वहीत एक जमा चुकली की खालच्या सगळ्या बाक्या चुकतात, तसंच.

आता तुलना करा. समजा दहा हजारांत एक बिट चुकतो, एचएफवर हे काही वाईट म्हणता येणार नाही. कॉम्प्रेस न केलेल्या आमच्या सतरा मिनिटांच्या फोटोत साधारण अडीचशे चुका होतील. तीन लाख पिक्सेलांत अडीचशे ठिपके. नियंत्रण कक्षातला माणूस चष्मा पुसेल आणि पुढे जाईल. दाबलेल्या फोटोत चुका होतील फक्त पंधरा, पण पंधरा चुकांनंतर त्यात ओळखण्यासारखं फारसं काही उरणार नाही. रेडिओ दहापट चांगला मिळाला, लाखात एकच चूक, तरी दाबलेला फोटो पूर्ण शुद्ध पोचण्याची शक्यता पाचात एक. म्हणजे जितकं जास्त दाबाल तितका एकेक बिट मोलाचा होतो, आणि तो हरवण्याची किंमतही तितकीच वाढते. कॉम्प्रेशन पुनरुक्ती काढून टाकतं, आणि रेडिओला जगायला तीच पुनरुक्ती हवी असते.

जुन्या ॲनालॉग पद्धतीत ही भानगड नव्हती. १९५८ साली कॉप्थॉर्न मॅकडोनाल्ड यांनी हौशी रेडिओवर स्लो-स्कॅन टीव्ही सुरू केला: १२० ओळींचं चित्र आठ सेकंदांत, आणि पुढे काळ्यासाठी १५०० हर्ट्झचा सूर, पांढऱ्यासाठी २३००चा. आवाजात खरखर आली की चित्रात खरखर, बस. चित्र बिघडायचं, पण कोसळायचं नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून अजूनही अधूनमधून अशी चित्रं येतात, १४५.८०० मेगाहर्ट्झवर. हातातला रेडिओ आणि फोनवरचं एक ॲप एवढ्यावर ती पकडता येतात. जरूर करून बघा.

डिजिटलमध्ये मग उपाय काय? पुनरुक्ती परत घालायची, पण यावेळी मोजून आणि जिथे उपयोग होईल तिथे. याचा सगळ्यात स्वच्छ नमुना आम्हाला लष्करी यंत्रणेत नाही, बलून उडवणाऱ्या हौशी मंडळींकडे सापडला. त्यांचे बलून तीसेक किलोमीटर उंचीवर जातात, खाली छोटासा कॅमेरा आणि अगदी दुबळा रेडिओ. त्यांनी एसएसडीव्ही नावाची पद्धत बांधली. त्यात जेपेगचे तुकडे करून २५६ बाइटच्या पॅकेटांत भरतात. प्रत्येक पॅकेटवर लिहिलेलं असतं की हा तुकडा कुठल्या फोटोचा, कितवा, आणि आतला पहिला चौकोन फोटोत नेमका कुठे बसतो. उजेडाची उधारीही प्रत्येक पॅकेटमध्ये नव्याने सुरू होते, मागची बाकी पुढे ओढत नाहीत. म्हणजे कुठलंही पॅकेट एकटं हातात आलं तरी उलगडतं. हरवलं तर तेवढी एक पट्टी राखाडी दिसते, बाकी फोटो शाबूत.

शिवाय प्रत्येक पॅकेटमधले ३२ बाइट रीड-सॉलोमन संकेताचे. १९६० सालचं गणित आहे. ३२ जादा बाइट दिले की पॅकेटमधले कुठलेही १६ बाइट चुकले तरी ते दुरुस्त होतात. आणि शेवटी तपासणीचा एक आकडा, म्हणजे दुरुस्तीनंतरही काही खोटं राहिलं तर पॅकेट सरळ फेकून देता येतं. चित्रासाठी उरतात २०५ बाइट. आमच्या चौसष्ट सेकंदांच्या फोटोला ९४ पॅकेटं लागतील आणि वेळ होईल ऐंशी सेकंद. सोळा सेकंदांची ही भर आम्हाला तरी फार स्वस्त वाटते. आणखी एक गंमत: बलूनला ‘पुन्हा पाठव’ असं सांगता येत नाही, तो फक्त बोलतो. म्हणून जमिनीवर ठिकठिकाणी बसलेली मंडळी आपापली पॅकेटं एका सर्व्हरवर टाकतात. एकाचं हुकलेलं दुसऱ्याने पकडलेलं असतं.

एचएफवर अजून एक दुखणं आहे. तिथे चुका सुट्या सुट्या येत नाहीत, घोळक्याने येतात. आकाशातून दोन वाटांनी आलेल्या लहरी एकमेकींना मारतात आणि सेकंद-दोन सेकंद आवाजच बुडतो. त्यात सलग दोनेक हजार बिट गेले तर कुठलाच दुरुस्ती-संकेत पुरत नाही. म्हणून बिट पाठवण्याआधी ठरावीक रीतीने विस्कटून पाठवतात आणि पलीकडे परत लावून घेतात. पानावरची एक पूर्ण ओळ फाटली तर ती वाचता येत नाही, पण प्रत्येक ओळीतलं एकेक अक्षर गळलं तर वाचता येतं, तसा हा प्रकार. लष्करी मोडेममध्ये ही विस्कटण्याची मुदत आखूड असेल तर ०.६ सेकंद, लांब असेल तर ४.८. लांब घेतली तर बुडणं सोसतं, पण प्रत्येक हो-नाहीला दोन्ही बाजूंना थांबावं लागतं.

मधल्या रांगेतून प्रश्न आलाय: ‘मग अडचण सुटली ना?’ नाही. आत्तापर्यंत आपण फोटो पोचवला. पण कुठला फोटो पोचवला?

आपण सोयीसाठी १२ मेगापिक्सेलचा फोटो ६४० बाय ४८० केला होता, आठवतंय? मूळ फोटोत एक पिक्सेल समुद्रावरचे वीस सेंटिमीटर व्यापतो असं धरा. पाण्यावर दिसणारं माणसाचं डोकं एक-दीड पिक्सेल. आकार कमी केल्यावर एका पिक्सेलमध्ये जुने एकोणचाळीस मावतात. म्हणजे त्या डोक्याचा जो काही गडदपणा होता, तो एकोणचाळीस वाटेकऱ्यांत गेला. माणूस पुसला गेला. त्यानंतर कितीही उत्तम रेडिओ वापरा, किनाऱ्यावर पोचेल तो माणूस नसलेला समुद्र, अगदी स्वच्छ.

बरं, आकार कमी न करता नुसतं जास्त दाबलं तर? एक-दोन पिक्सेलची गोष्ट म्हणजे नेमकी बारीक नक्षी, जी जेपेग आधी शून्य करतो. आणि बिट खर्च कशावर होतात? लाटांवर. वाऱ्याने उठलेला समुद्र दाबायला फार हट्टी असतो, प्रत्येक चौकोनात खळबळ. रंगाचं तर त्याहून वाईट. आपल्या डोळ्याला उजेडातले बारकावे जास्त कळतात, रंगातले कमी, म्हणून जेपेग सर्वसाधारणपणे रंगाची माहिती चार पिक्सेलांत मिळून एकदाच ठेवतो. लग्नाच्या फोटोला हे चालतं. पण लाइफ जॅकेट नारिंगी केलेलं असतं ते रंगामुळेच दिसावं म्हणून, आणि दोन पिक्सेलांचा नारिंगी रंग शेजारच्या निळ्या-राखाडीत मिसळला की त्याचा मळकट डाग होतो.

आमचं मत असं की इथे फोटो नीट दाबण्यापेक्षा फोटो नीट कापणं जास्त महत्त्वाचं. हिशोब बघा. संशयाच्या जागेभोवतीचा २०० बाय १५० पिक्सेलचा तुकडा, मूळ बारकाव्यासकट, रंग न पातळ करता, पिक्सेलला एक बिट: तीस हजार बिट, साडेबारा सेकंद. सोबत आजूबाजूचा अंदाज यावा म्हणून पूर्ण फोटोची १६० बाय १२० ची छोटी नक्कल, अर्ध्या बिटाने: चार सेकंद. पॅकेटांचा जादा भार धरला तरी सगळं वीस-बावीस सेकंदांत. तेहतीस तासांवरून वीस सेकंदांवर आलो, आणि माणूस पुसला गेला नाही.

याच्याही आधी पाठवायची एक गोष्ट आहे, आणि ती चित्र नाहीच. जागा आणि वेळ. दहा मीटरपर्यंत नेमकं रेखांश सांगायला २२ बिट पुरतात, अक्षांशाला २१, दिवसातला सेकंद सांगायला १७. एकूण साठ बिट, आठ बाइटसुद्धा भरत नाहीत. हे प्रत्येक पॅकेटच्या कपाळावर लिहायला काय हरकत आहे? कारण फोटो अर्धा आला तरी चालेल, पण एक नॉटच्या प्रवाहात अर्ध्या तासात वस्तू नऊशे मीटर सरकते. कुठे आणि कधी हे माहीत नसलेला सुंदर फोटो जहाजाच्या काही कामाचा नाही.

तुकडा कुणी निवडायचा, हा प्रश्न मात्र खरा अवघड आहे. विमानातल्या निरीक्षकाने निवडला, तर किनाऱ्याला तेवढंच दिसतं जेवढं त्याला दिसलं. तीन तास खिडकीला डोळे लावून बसलेल्या माणसाचं काहीतरी सुटणारच. म्हणून दोन्हीकडून बोलता येत असेल तर आधी ढोबळ चित्र पाठवावं, आणि ‘वरचा डावा कोपरा नीट दाखवा’ असं किनाऱ्याने मागावं. १९९३ नंतर आलेल्या वेव्हलेटवरच्या पद्धती आणि त्यांतून पुढे झालेलं जेपेग २००० याच विचाराचे: महत्त्वाचे बिट आधी, बारकावे मागून, कुठेही थांबवलं तरी हातात पूर्ण, फक्त धूसर चित्र. पण सुरुवातीच्या बिटांवर पुढचे सगळे उभे असतात, म्हणून सुरुवातीला जाड कवच आणि शेपटाला पातळ, असं संरक्षणही कमी-जास्त द्यावं लागतं. आणि मूळ फोटो विमानातच जपून ठेवायचे, ते कधी पुसायचे नाहीत.

शेवटचे दोन प्रश्न घेऊ. पहिला: ‘धूसर फोटो पोचल्यावर एआयने स्वच्छ करता येणार नाही का?’ करता येईल, पण सावध राहा. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं, की काही झेरॉक्स स्कॅनर कागदावरचे आकडे बदलत होते, ६ च्या जागी ८. कारण त्यांतलं कॉम्प्रेशन सारखे दिसणारे ठिपके एकच समजून एकाच्या जागी दुसरा बसवत होतं. आकडा धूसर आला असता तर वाचणाऱ्याला शंका आली असती. तो स्वच्छ आणि चुकीचा आला. आपल्या मच्छीमार बोटींवर ‘आयएनडी-एमएच’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक रंगवलेला असतो. त्यातला एक आकडा यंत्राने स्वतःच्या मनाने भरला, तर भलत्याच तांडेलाच्या घरी फोन जाईल. धूसर आहे ते धूसरच दिसू द्यावं.

दुसरा: ‘आता उपग्रहावर मेगाबिट मिळतात, हे सगळं कशाला?’ जिथे मिळतात तिथे जरूर वापरा. पण विमान तीस-तीस वर्षं उडतं आणि त्यातला रेडिओ बदलणं फोन बदलण्याइतकं सोपं नसतं. छोट्या ड्रोनवर उपग्रहाचा मोठा अँटेना मावत नाही. आणि एकाच चॅनेलवर चार विमानं शोध घेत असतील, तर रुंद वाटणारी वाटही प्रत्येकाला पाव वाट्याला येते. त्यातही ज्या वादळात बोट हरवते, त्याच वादळात किनाऱ्यावरचे टॉवर पडलेले असतात.

वेळ झाली आहे. दोन वाटांच्या लहरी एकमेकींना का मारतात, हे आज घाईत उरकलं. पुढच्या व्याख्यानात आयनोस्फिअर घेऊ, तेव्हा त्याच्याकडे निवांत बघता येईल. ज्यांना एका बिटाचा प्रयोग घरी करायचा आहे, त्यांनी फोटोची आधी एक प्रत काढून ठेवा.